हबलच्या चित्रात नसलेली दीर्घिका आणि तिचा पत्ता

उल्काभ | 11 एप्रिल, रात्री 10:20

गेल्या रविवारी भाचीला हबल दुर्बिणीचं ते प्रसिद्ध चित्र दाखवत होतो. 1995 च्या डिसेंबरात हबल सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या जागेकडे दहा दिवस रोखून ठेवली होती. 342 छायाचित्रं एकावर एक रचल्यावर त्या नखाएवढ्या तुकड्यात सुमारे 3000 दीर्घिका निघाल्या. भाची आठवीत आहे. तिने विचारलं, "मामा, यात सगळ्यात जास्त नवे तारे कुठे बनतायत?" मी ऐटीत एका निळसर चक्राकार दीर्घिकेवर बोट ठेवलं. निळा रंग म्हणजे तरुण तारे, एवढं तर कुणीही सांगेल.

रात्री आडवा झालो आणि आठवलं, की आपण तिला चुकीचं सांगितलं. तिथला एक फार मोठा कारखाना त्या चित्रात आहेच, पण दिसत नाही. तिला सांगितलं ते आता इथेही लिहितो.

1998 मध्ये हवाई बेटांतल्या मौना केआवरून, जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीच्या 15 मीटरच्या तबकडीने आकाशाचा हाच तुकडा पाहिला. तरंगलांबी 850 मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. या 'रंगात' हबलचे तीन हजार ठिपके गायब झाले आणि उरले फक्त पाच. त्यातल्या सगळ्यात तेजस्वी ठिपक्याला नाव मिळालं एचडीएफ 850.1.

मग साहजिकच लोकांनी हबलचं चित्र उघडून पाहिलं की त्या जागी आहे तरी कोण. इथे गाडं अडलं. या तबकडीला दिसणारा ठिपका सुमारे 15 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), हबलच्या मानाने भला मोठा. तेवढ्या जागेत हबलच्या कितीतरी दीर्घिका बसतात. एखाद्याने पत्त्यावर नुसतं "पुणे 30" लिहावं आणि पोस्टमनने अख्खी सदाशिव पेठ पालथी घालावी, तशातला प्रकार.

1999 मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या प्लातो द ब्युरच्या दुर्बिणींनी एकत्र काम करून जागा नेमकी केली. तिथे जवळच एक लंबवर्तुळाकार दीर्घिका होती. सापडली म्हणावं तर ही म्हातारी, शांत, नवे तारे बनवणं कधीच सोडलेली. तिच्याकडून एवढी ऊर्जा येणं शक्य नव्हतं. 2004 मध्ये सुबारू दुर्बिणीच्या चित्रातून या म्हातारीचा उजेड गणिताने वजा केला, तेव्हा तिच्या कुशीत एक अगदी फिकट लाल ठिपका उरला. आपली नायिका मागे लपलेली होती, आणि पुढच्या म्हातारीचं गुरुत्व भिंगासारखं काम करून तिला थोडं उजळही करत होतं.

पण ती किती मागे? ते कळायला 2012 उजाडलं. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाच्या लहरी किती ताणल्या त्याचं माप, 5.183. प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 110 कोटी वर्षं होतं. 2012 च्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे 850 सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मत होते. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा एक-दोन सूर्यांचा आहे. आणि 2023 मध्ये अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने शेवटी तिच्या ताऱ्यांचं चित्र काढलं: दोन तुकडे, आणि मधे दाट धुळीचा पट्टा.

म्हणजे सापडली 1998 साली, आणि चेहरा दिसला 25 वर्षांनी. हबलच्या त्या चित्राचं कौतुक आपण 'विश्वाचं सगळ्यात खोल दर्शन' म्हणून करत आलो. मला आता ते चित्र रस्त्यावरून काढलेल्या वाड्याच्या फोटोसारखं वाटतं. दिंडी दरवाजा झकास आलाय, पण माजघरात काय चाललंय ते नाही.

दोष धुळीचा. पण तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. धूळ नवजात ताऱ्यांचा अतिनील आणि निळा प्रकाश गिळते, त्याने तापते आणि तेवढीच ऊर्जा अवरक्तात, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात परत देते. एक पैसाही बुडत नाही, फक्त नाणं बदलतं. कोबी (COBE) उपग्रहाच्या नोंदींतून 1996 मध्ये आकाशभर पसरलेली अवरक्त पार्श्वभूमी सापडली. तिच्या मोजमापावरून असं दिसतं, की सगळ्या दीर्घिकांनी आजवर दिलेल्या प्रकाशातला साधारण अर्धा भाग या मार्गाने आला आहे. नुसत्या दृश्य प्रकाशात विश्वाचा इतिहास लिहिणं म्हणजे निम्मी पानं फाडून पोथी वाचणं.

अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणींबद्दल कुणाला अधिक माहिती असेल तर भर घालावी. चूकभूल द्यावी घ्यावी.

---

शेजारचा_बंड्या | 11 एप्रिल, रात्री 10:48

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या पंख्यावर साठते तीच का ही धूळ? बायकोला सांगायला बरं, की मी विश्वाची निम्मी पानं जपून ठेवतोय.

---

उल्काभ | 11 एप्रिल, रात्री 11:05

बंड्याशेठ, पंख्यावरची धूळ यापुढे म्हणजे खडी. ही धूळ साधारण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी, कार्बन आणि सिलिकेटच्या कणांची. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे हे कण निळ्या आणि अतिनील प्रकाशाला पुरेपूर अडवतात. लांब लहरींना ते जुमानत नाहीत, लहरी सरळ निघून जातात. उंबरठा मुंगीला अडवतो, माणूस ओलांडून जातो.

उन्हाळ्यात कोकणातून आकाशगंगा पाहिली असेल तर वृश्चिक-धनूच्या बाजूला मधोमध काळे डाग दिसतात. तिथे तारे नाहीत असं नाही, पुढे धूळ आहे.

---

हिशेबनीस | 12 एप्रिल, सकाळी 7:15

लेख आवडला, पण एक खोच आहे. आवाहन अवकाश दुर्बिणींबद्दलचं, आणि नायिकेला शोधलं कुणी? मौना केआवरच्या तबकडीने. पत्ता लावला आल्प्सवरच्या दुर्बिणींनी. लपलेली जागा दाखवली सुबारूने, तीही जमिनीवरची. वेब आली वरात संपल्यावर, आहेर द्यायला. मग कोट्यवधी डॉलर खर्चून द्रव हीलियमचे पिंप वर कशाला पाठवायचे?

---

उल्काभ | 12 एप्रिल, सकाळी 9:30

हिशेबनीस, बरोबर पकडलंत. मुद्दा लेखातच यायला हवा होता.

धूळ किती अंशावर तापते ते पाहा. एचडीएफ 850.1 मधली धूळ समजा 35 केल्विन, म्हणजे उणे 238 सेल्सियस. अशा धुळीची चमक सर्वांत जास्त असते 83 मायक्रॉनच्या आसपास. ताम्रसृतीने लांबी 6.18 पट (ताम्रसृती अधिक एक) ताणली की ती आपल्याकडे पोचते 510 मायक्रॉनवर. ताम्रसृती 1 ते 3 च्या दरम्यानच्या दीर्घिकांचं शिखर 160 ते 350 मायक्रॉनमध्ये पडतं. आणि साधारण 30 ते 300 मायक्रॉनच्या पट्ट्यात आपल्या हवेतली वाफ कोरड्यातल्या कोरड्या डोंगरावरही दार लावून बसलेली असते. 850 ला एक फट आहे. मौना केआ 4200 मीटर उंच आणि कोरडा, म्हणून तिथून डोकावता आलं. पण त्या फटीतून शिखराची एकच उतरती बाजू दिसते. एकूण ऊर्जा किती, धूळ किती गरम, हे कळायला शिखर लागतं, आणि शिखर फक्त वरूनच दिसतं.

दुसरी अडचण उष्णतेची. 300 केल्विनची प्रत्येक वस्तू, म्हणजे हवा, आरसा, दुर्बिणीची नळी आणि खुद्द निरीक्षक, 10 मायक्रॉनच्या आसपास झगझगत असते. जमिनीवरून मध्य-अवरक्त पाहणं म्हणजे भर दुपारी पेटत्या कंदिलाच्या आत बसून काजवा शोधणं. म्हणून ते हीलियमचे पिंप.

सुरुवात 1983 च्या आयरासपासून. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा उपग्रह. आरसा फक्त 57 सेंटिमीटर, आयुष्य दहा महिने, नोव्हेंबरात हीलियम संपलं. तेवढ्यात त्याने 96 टक्के आकाश धुंडाळलं आणि एक भलतीच जमात शोधून दिली: अशा दीर्घिका की ज्यांचं नुसतं अवरक्त तेज एक लाख कोटी सूर्यांहून जास्त. जवळचं उदाहरण आर्प 220, सुमारे 25 कोटी प्रकाशवर्षांवर. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत, सगळा वायू मध्यभागी कोसळलाय आणि धुळीआड ताऱ्यांचं पीक आलंय. दृश्य प्रकाशात पाहिलं तर कुणी दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही, असा विस्कटलेला पुंजका.

---

चुलीवरची | 12 एप्रिल, दुपारी 2:10

मला खगोलशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण धूर कळतो. आजीच्या स्वयंपाकघरात आढ्याला बोटभर काजळी होती. आत गेलं की डोळे मिटायचे आणि धगीवरून चूल कुठे आहे ते ओळखायचं. तुम्ही सांगताय ते हेच ना? उजेड अडतो, धग पोचते?

---

उल्काभ | 12 एप्रिल, दुपारी 3:00

ताई, अगदी हेच. मी दोन परिच्छेद खर्चले, तुम्ही चार शब्दांत उरकलंत.

आणि काजळीचा उल्लेख नकळत नेमक्या जागी लागलाय. चुलीच्या धुरात, करपलेल्या भाकरीत, डांबरात कार्बनच्या षटकोनी कड्यांचे मोठे रेणू असतात. हेच रेणू ताऱ्यांच्या जन्मस्थळांजवळच्या धुळीतही असतात आणि ठराविक तरंगलांब्यांवर चमकतात, त्यातली एक 3.3 मायक्रॉन. 2023 मध्ये वेबने हीच खूण 12 अब्जांहून जास्त प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत पकडली. नाव एसपीटी 0418-47, शोध दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीचा. ती एका जवळच्या दीर्घिकेच्या बरोबर मागे आहे, त्यामुळे गुरुत्वीय भिंगाने तिचं जवळजवळ पूर्ण कडं झालंय. ताम्रसृती 4.22, म्हणून 3.3 मायक्रॉनची खूण आपल्याला मिळाली 17 मायक्रॉनवर. गंमत म्हणजे तिथे जिथे धूर तिथे आग असंही नाही. काही भागांत तारे बनतायत आणि हे रेणू नाहीत, काही ठिकाणी उलट.

---

रेडिओवाली | 12 एप्रिल, रात्री 8:45

उशिरा आले. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी काही महिने खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवर मान मोडून काम केलंय, तेव्हा दोन आणे माझेही.

पहिला मुद्दा पत्त्याचा. आयरासनंतर 1985 च्या सुमारास लक्षात आलं, की दीर्घिका दूरच्या अवरक्तात जितकी तेजस्वी तितकीच रेडिओतही, आणि हे प्रमाण फार विलक्षण पक्कं आहे. कारण एकच: जड तारे. जिवंत असताना ते धूळ तापवतात. तीस-चाळीस लाख ते काही कोटी वर्षांत त्यांचे स्फोट होतात, त्यातून सुसाट इलेक्ट्रॉन निघतात, ते चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओ लहरी देतात. रेडिओला धुळीचा काही फरक पडत नाही. वर आमच्या दुर्बिणी किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या. जीएमआरटीच्या 45 मीटरच्या तीस तबकड्या खोडदच्या आसपासच्या शिवारात विखुरल्यात, नारायणगावच्या द्राक्षबागांतून दिसतात. म्हणून ठिपका बारीक येतो. सदाशिव पेठेतलं घर शोधायला 2000 नंतर बरीच वर्षं रेडिओच कामी आला.

मग एचडीएफ 850.1 ला तो पुरेसा का पडला नाही? कारण अंतर वाढलं की रेडिओ मंदावत जातो. 850 मायक्रॉनवर मात्र उलटी मजा आहे. दीर्घिका दूर नेली की तेज कमी व्हायला हवं, पण त्याच वेळी ताम्रसृती तिच्या चमकेचं शिखर ओढत 850 च्या जवळ आणते. एकाने घेतलं, दुसऱ्याने भरून दिलं. ताम्रसृती 1 ची आणि 6 ची सारखीच दीर्घिका साधारण सारखीच तेजस्वी दिसते. शोधायला वरदान, अंतर ठरवायला शाप. ठिपका बघून जवळचा की लांबचा काही कळत नाही.

दुसरा मुद्दा, 5.183 आलं कुठून? उल्काभ यांनी तो सगळ्यात सुंदर भाग एका वाक्यात उडवलाय, म्हणून मी लिहिते. या दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. हा रेणू ठराविक वारंवारितांवर बोलतो, आणि त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या समान अंतरावर असतात: 115.3 गिगाहर्ट्झ, त्याची दुप्पट, तिप्पट, असं. आल्प्सवरच्या दुर्बिणींना दोन रेषा मिळाल्या, 93.2 आणि 111.8 वर. फरक 18.6. आता 115.3 भागिले 18.6 करा. 6.2. त्यातून एक वजा करा. झालं, 5.2! शिडी किती आक्रसली ते पाहायचं, बस. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा कॅन्टीनमध्ये चहा गार झाला होता.

पडताळणीला त्यांना तिसरी रेषाही मिळाली, आयनित कार्बनची. मूळ तरंगलांबी 158 मायक्रॉन. तिच्याशी आपला जुना संबंध आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची एक मीटर आरशाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून 30 किलोमीटरच्या वर जायची, आणि जपानी उपकरण जोडून आपल्याच आकाशगंगेतल्या मेघांमध्ये हीच 158 ची रेषा मोजायची. हिशेबनीस, जमीन आणि अवकाश यांच्या मधलाही एक मार्ग असतो, तो हा. रात्रभराचं काम, मग दुर्बीण हवाई छत्रीने खाली आणि मंडळी जीप घेऊन ती कुठल्या शेतात उतरली ते शोधायला.

---

हिशेबनीस | 12 एप्रिल, रात्री 9:20

115.3 भागिले 18.6 स्वतः केलं. 6.199. दंडवत. माझे आक्षेप मागे.

---

तिरका_डोळा | 12 एप्रिल, रात्री 11:50

सगळं ठीक. पण ही चित्रं रंगवलेली असतात हे कुणी सांगणार आहे का? अवरक्त डोळ्याला दिसत नाही म्हणता, मग तो लाल-सोनेरी रंग आला कुठून? जाहिरातवाले परवडले.

---

रेडिओवाली | 13 एप्रिल, सकाळी 8:05

रंगवलेली असतात, लपवत कुणीच नाही. सगळ्यात आखूड तरंगलांबीला निळा, लांबला लाल. क्रम खरा, रंग मानलेला. सोनोग्राफीत बाळ राखाडी दिसतं म्हणून कुणी डॉक्टरशी भांडत नाही.

---

अधांतर | 13 एप्रिल, सकाळी 11:30

एक दुरुस्ती सुचवतो. मूळ लेख वाचून असं वाटतं की धुळीतून येणारी सगळी धग नव्या ताऱ्यांचीच. तसं नाही. धुळीला कोण तापवतंय हे ती सांगत नाही. आत तारे असतील, किंवा वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर असेल. या विषयातला अर्धा वाद त्याच्यावरच आहे.

इथे वाइज उपग्रह आठवायलाच हवा. डिसेंबर 2009 चं उड्डाण, आरसा 40 सेंटिमीटर, आपल्या हौशी मंडळींच्या मोठ्या दुर्बिणींएवढा. त्याने अख्खं आकाश चार तरंगलांब्यांवर छापलं. मग लोकांनी असे ठिपके वेगळे काढले जे 3.4 आणि 4.6 मायक्रॉनवर जवळपास नाहीत आणि 12, 22 वर मात्र ठसठशीत आहेत. साऱ्या आकाशात असे हजारभरच निघाले. स्पिट्झर दुर्बिणीच्या काळात 24 मायक्रॉनवर तेजस्वी आणि दृश्य प्रकाशात नगण्य अशा धूळभरल्या दीर्घिकांना 'डॉग' (डस्ट-ऑब्स्क्युअर्ड गॅलेक्सी) म्हणायची पद्धत पडली होती. यांची धूळ त्याहून गरम, म्हणून हे 'हॉट डॉग'. (हसू नका, संशोधन निबंधांत असंच छापलंय.) यातला एक, डब्ल्यू 2246-0526, 2015 मध्ये जाहीर झाला. तेज 300 लाख कोटी सूर्यांहून जास्त, आणि त्यातलं बहुतेक कृष्णविवराच्या खाण्याचं. 2018 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी दाखवलं, की ही दीर्घिका शेजारच्या तीन लहान दीर्घिकांमधून वायू ओढून घेतेय.

तेव्हा 'वर्षाला 850 सूर्य' असे आकडे वाचताना आत कृष्णविवर किती वाटा उचलतंय हे विचारायचं.

---

उल्काभ | 13 एप्रिल, दुपारी 12:40

मान्य. लेखात ते वाक्य फार बिनधास्त पडलंय. संपादनाची मुदत संपली, तेव्हा वाचकांनी अधांतर यांचा प्रतिसाद लेखाचाच भाग समजावा.

फुगलेल्या आकड्यांचं जुनं उदाहरण माझ्याकडेही आहे. आयरासच्या यादीतला एफ 10214+4724 हा ठिपका 1991 मध्ये ताम्रसृती 2.3 वर निघाला, आणि विश्वातली सगळ्यात तेजस्वी वस्तू म्हणून गाजला. चार-पाच वर्षांत कळलं की पुढे दीर्घिका आहे आणि तिच्या गुरुत्वाने तो कितीतरी पट उजळून दिसतोय.

---

शेजारचा_बंड्या | 13 एप्रिल, दुपारी 1:15

थोडक्यात, चष्म्याचा नंबर तपासल्याशिवाय मुलगी सुंदर आहे म्हणू नये.

---

संपादक मंडळ | 13 एप्रिल, दुपारी 1:40

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (वरचा नाही, त्यावरचा उपप्रतिसाद.)

---

नोर्डवाइककर | 13 एप्रिल, संध्याकाळी 6:30 (नेदरलँड्सची वेळ)

इतके प्रतिसाद झाले आणि हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीचं नाव नाही? इथे नोर्डवाइकला युरोपीय अवकाश संस्थेचं तांत्रिक केंद्र आहे, उड्डाणाआधी हर्शेलच्या चाचण्या तिथेच झाल्या. मी त्या क्षेत्रातला नाही, समोरच्या रस्त्याने सायकलवरून कामाला जातो एवढंच.

14 मे 2009 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून ती उडाली, प्लांक दुर्बिणीच्या सोबतीने एकाच रॉकेटवर. आरसा 3.5 मीटर, सिलिकॉन कार्बाइडचा, तेव्हा अवकाशात गेलेला सगळ्यात मोठा. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जाऊन बसली. सोबत दोन हजारांहून जास्त लिटर हीलियम. 29 एप्रिल 2013 ला ते संपलं आणि उपकरणांचे डोळे मिटले. मधल्या चार वर्षांत 250, 350 आणि 500 मायक्रॉनवर आकाशाचे मोठाले पट्टे पाहून तिने लाखांच्या घरात धुळकट दीर्घिका नोंदवल्या. त्यात युक्ती अशी, की जो ठिपका 250 आणि 350 पेक्षा 500 वर जास्त तेजस्वी, तो फार दूरचा असण्याची शक्यता. तसा शोधून 2013 मध्ये एचएफएलएस 3 सापडली, ताम्रसृती 6.34. वर्षाला 2900 सूर्य, असा तेव्हाचा हिशेब. पुढे वेबने पाहिलं तर ती एकटी नाहीच, अनेक दीर्घिकांची दाटी आहे.

---

रेडिओवाली | 13 एप्रिल, रात्री 11:10

नोर्डवाइककर, शेवटच्या वाक्यातच हर्शेलचं दुखणं आहे. 3.5 मीटरचा आरसा ऐकायला मोठा, पण 500 मायक्रॉनवर त्याचा ठिपका 36 विकलांचा. हबलचं ते अख्खं चित्र अडीच कलांचं (150 विकला), म्हणजे एका बाजूला हर्शेलचे जेमतेम चार ठिपके मावतात. तीन हजार दीर्घिका आणि सोळा-सतरा ठिपके! कितीही वेळ दुर्बीण रोखून ठेवा, फिकट दीर्घिका एकमेकींत मिसळून जातात आणि पुढे काही हाती लागत नाही. चित्र धूसर असेल तर जास्त वेळ पाहून ते जास्त वेळ धूसरच दिसतं.

म्हणून हर्शेलच्या ठिपक्यांचे पत्ते लावायला 24 मायक्रॉनवरच्या स्पिट्झरच्या याद्या आणि रेडिओ वापरावा लागला.

---

गणपुले_नववी_ब | 14 एप्रिल, सकाळी 10:00

मी बाबांच्या खात्यावरून लिहितोय. वेबचा आरसा साडेसहा मीटरचा आहे आणि ती अवरक्त दुर्बीण आहे. मग आता सगळं वेबलाच का नाही दिसत?

---

उल्काभ | 14 एप्रिल, सकाळी 10:50

शाब्बास. हा प्रश्न आम्हा मोठ्यांपैकी कुणी विचारला नाही.

वेबला 28 मायक्रॉनपर्यंतच दिसतं. वर काढलेला हिशेब बघ: एचडीएफ 850.1 ची थंड धूळ आपल्याला 510 मायक्रॉनच्या आसपास चमकताना दिसते. ती वेबच्या पल्ल्याबाहेर. वेबला दिसतो तो धुळीच्या फटींतून झिरपलेला ताऱ्यांचा प्रकाश. 4 मायक्रॉनवर आलेला प्रकाश तिथून निघताना पाऊण मायक्रॉनच्या खाली होता, म्हणजे आपल्या डोळ्याला लाल दिसला असता असा. म्हणून तिला ते दोन तुकडे दिसले, आणि मधली धूळ काळ्या पट्ट्यासारखी. आल्माला मात्र तीच धूळ उजळ दिसते. दोघींची चित्रं एकमेकांवर ठेवली की दीर्घिका पुरी होते.

वेबने अजून एक केलं, शेजार मोजला. या दीर्घिकेच्या आसपास साधारण त्याच अंतरावर शंभरावर दीर्घिका निघाल्या. म्हणजे ती एकटी वेडी नव्हती, वस्तीतली होती.

---

अधांतर | 14 एप्रिल, दुपारी 4:20

वेबची फजितीही सांगून टाकू. 2022 च्या उन्हाळ्यात पहिल्याच नोंदींत सीअर्स 93316 नावाचा लाल ठिपका सापडला. रंगांवरून अंदाज: ताम्रसृती 16, म्हणजे विश्व जेमतेम 25 कोटी वर्षांचं असतानाचा. सगळीकडे बोलबाला. 2023 मध्ये वर्णपट घेतला तर ताम्रसृती 4.9! धुळीने लाल झालेली दीर्घिका, आणि तिच्या वायूच्या तेजस्वी रेषा नेमक्या अशा गाळण्यांत (फिल्टरांत) पडल्या की रंग अतिदूरच्या दीर्घिकेसारखे दिसले.

धूळ लपवते तशी सोंगंही घेते.

---

चुलीवरची | 14 एप्रिल, संध्याकाळी 5:45

एक विचारू? 110 कोटी वर्षांत एवढी धूळ आली कुठून? काजळी धरायला आधी लाकूड जळावं लागतं.

---

रेडिओवाली | 14 एप्रिल, रात्री 9:00

ताई, तुम्ही दर वेळी मर्मावर बोट ठेवता. आपल्याकडची बरीच धूळ सूर्यासारख्या मध्यम ताऱ्यांच्या म्हातारपणी बनते, आणि बहुतेकांना तिथवर पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. एवढा वेळ तिथे नव्हता. म्हणून संशय जड ताऱ्यांच्या स्फोटांवर, ते लवकर मरतात. पुरावा शेजारीच मिळाला. 1987 मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषात हर्शेलने 2011 मध्ये सुमारे अर्ध्या सूर्याइतकी थंड धूळ मोजली. आधीच्या मोजमापांपेक्षा ती कितीतरी पट जास्त होती. स्फोटाचा मागून येणारा धक्का त्यातली किती जाळतो यावर अजून भांडण आहे.

---

तिरका_डोळा | 14 एप्रिल, रात्री 11:30

मग आता हर्शेलनंतर कोण?

---

नोर्डवाइककर | 15 एप्रिल, दुपारी 1:00

कुणी नाही, हेच दुःख. 2013 पासून दूरच्या अवरक्तात अवकाशात तशी मोठी दुर्बीण नाही. जपान-युरोपची स्पिका 2020 मध्ये कागदावरच रद्द झाली. विमानात बसवलेली सोफिया 2022 मध्ये थांबली. 2024 मध्ये नासाने पुढच्या अभ्यासासाठी दोन प्रस्ताव निवडले, त्यातला एक प्रिमा: आरसा 1.8 मीटर, हर्शेलच्या निम्माच, पण 4.5 केल्विनपर्यंत थंड केलेला. हर्शेलचा आरसा 80 केल्विनच्या आसपास होता, म्हणजे स्वतःच मिणमिणत होता. दोघांतला एकच उडणार, तेही 2032 च्या सुमारास.

---

शेजारचा_बंड्या | 15 एप्रिल, रात्री 8:30

थट्टा पुरे. ती जागा गच्चीवरून दाखवता येईल का? पोरं मागे लागलीत.

---

उल्काभ | 15 एप्रिल, रात्री 8:55

येईल, दिवस उत्तम आहेत. रात्री नऊ-दहाला उत्तरेकडे तोंड करा, सप्तर्षी वर आलेले असतात. चौकोन आणि शेपटी जिथे जुळतात तो अत्री, सातांत सगळ्यात मंद. शेपटीतला पुढचा अंगिरस. दोघांच्या मधोमध नजर ठेवा आणि तिथून ध्रुवताऱ्याकडे अर्धी मूठ सरका. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची, म्हणजे पाच-सहा अंश. तिथे.

---

शेजारचा_बंड्या | 15 एप्रिल, रात्री 10:10

जाऊन आलो. अत्री शोधायलाच पंधरा मिनिटं गेली, समोरच्या इमारतीचा हॅलोजन नडला. धाकटी म्हणते तिथे काहीच नाहीये. तिला सांगितलं, हबलवाल्यांनीही ती जागा त्याचसाठी निवडली होती.